आयआरसी चॅनलसाठी पहिला बॉट: !वेळ, !रांग आणि !पुढचा या कमांड स्वतः कशा लिहायच्या

आयआरसीवर, म्हणजे इंटरनेट रिले चॅट या नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गप्पांच्या जुन्या व्यवस्थेवर, नवीन आलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत बॉट, म्हणजे चॅनलमध्ये (गप्पांच्या खोलीत) बसून कमांडला उत्तर देणारा प्रोग्राम, लिहावासा वाटतो, आणि वाटायलाच पाहिजे, कारण नेटवर्कवर चालणारा प्रोग्राम शिकायला याच्याइतकी सोपी आणि उघडी जागा दुसरी नाही. व्हॉट्सॲप किंवा तसल्या ॲपसाठी बॉट करायचा तर आधी अर्ज, मग टोकन, मग त्यांचे नियम. इथे सर्व्हरला जोडा आणि साध्या अक्षरांच्या ओळी पाठवा, बस. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या ऊलू विद्यापीठात आयआरसी सुरू केलं, १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात लिहून निघाले, आणि त्या नियमांनी लिहिलेला प्रोग्राम आजही चालतो. डेबियनवाले ओएफटीसी नेटवर्कवर बसतात, पायथन आणि विकिमीडियाची मंडळी लिबेरा चॅटवर. आपल्याकडे दुर्गापूरच्या लिनक्स ग्रुपची, म्हणजे डीजीप्लगची, समर ट्रेनिंग २००८ मध्ये आयआरसीवरच सुरू झाली आणि वर्षानुवर्षं तिथेच चालली.

त्या ट्रेनिंगमधली एक पद्धत मला फार आवडते. कुणी शिकवत असताना ज्याला प्रश्न आहे त्याने मध्येच विचारायचं नाही, नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं आणि आपला नंबर यायची वाट बघायची. अशी रांग सांभाळणारा छोटा बॉट आपण इथे लिहिणार आहोत, सोबत सरावाला !वेळ ही सोपी कमांड.

बहुतेक जण सुरुवातच सोपेल किंवा लिम्नोरिया अशा तयार बॉटपासून करतात आणि मग काहीतरी बिघडलं की हातावर हात ठेवून बसतात, कारण खाली काय चाललंय ते कधी बघितलेलंच नसतं. म्हणून माझं ठाम मत असं की पहिला बॉट कच्च्या ओळींवर लिहा, लायब्ररी नंतर. शंभर-दीडशे ओळींत होतो.

कॉपी-पेस्ट करायला कोड मी मुद्दाम दिलेला नाही, पायऱ्या दिल्यात, टाइप तुम्ही करा. सर्व्हरच्या आज्ञा मी देवनागरीत लिहिल्यात पण प्रोग्राममध्ये त्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच जातात. आणि जिथे मी प्रिव्हएमएसजी लिहिलंय तिथे पी, आर, आय, व्ही, एम, एस, जी अशी सातच अक्षरं समजा, पूर्ण शब्द नाही.

काय काय लागेल

- पायथन ३.९ किंवा त्यापुढचं. टाइमझोनचं झोनइन्फो मॉड्यूल ३.९ पासून सोबत येतं. विंडोजवर असाल तर पिपने टीझेडडेटा हे पॅकेजही टाका, नाहीतर !वेळ चालवताना झोन सापडत नाही असा एरर येईल.
- कुठलाही टेक्स्ट एडिटर.
- स्वतः बसायला एक आयआरसी क्लायंट: वीचॅट, इर्सी, हेक्सचॅट, काहीही. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर लिबेराचा वेब क्लायंट आहे.
- चालू ईमेल पत्ता, निक, म्हणजे आयआरसीवरचं आपलं नाव, रजिस्टर करायला.
- ज्या चॅनलमध्ये बॉट शेवटी बसवायचाय तिथल्या ऑपरेटरची, म्हणजे चॅनल सांभाळणाऱ्याची, परवानगी. ही आधी घ्या, बॉट तयार झाल्यावर नाही.

१. आधी माणूस म्हणून जा, निक रजिस्टर करा

लिबेराला जोडलात की निकसर्व्हला, म्हणजे निक नोंदवणाऱ्या तिथल्या सेवेला, रजिस्टर ही आज्ञा पाठवायची, पुढे पासवर्ड आणि ईमेल. ईमेलवर एक आज्ञा येते, ती तशीच पेस्ट केली की निक तुमचं. बॉटसाठी वेगळं अकाउंट काढा, वेगळ्या पासवर्डचं. स्वतःचं अकाउंट बॉटला देऊ नका, कारण उद्या त्याचा पासवर्ड कुठे फुटला तर तुमचे चॅनलमधले सगळे अधिकार सोबत जातात.

इथे एक सापळा आहे ज्यात लोक सारखे पडतात. क्लायंटमध्ये आज्ञा स्लॅशने (/) सुरू होते. स्लॅशच्या आधी चुकून स्पेस पडली तर क्लायंट त्या ओळीला आज्ञा न समजता साधा मजकूर समजतो आणि तुमचा पासवर्ड अख्ख्या चॅनलला दिसतो. म्हणून पासवर्डवाली प्रत्येक आज्ञा सर्व्हरच्या विंडोमध्ये टाइप करा, चॅनलच्या विंडोमध्ये कधीच नाही. तिथे चुकली तरी कुणाला दिसत नाही.

२. सरावाचं चॅनल उघडा

लिबेरावर एक हॅशचं चॅनल प्रोजेक्टसाठी राखलेलं असतं आणि दोन हॅशचं बाकी सगळ्यांसाठी, त्यामुळे सरावाला दोन हॅश लावून काहीतरी नाव द्या, समजा ##चाचणी, प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत. रिकाम्या चॅनलमध्ये पहिले तुम्ही गेलात की ऑपरेटर तुम्हीच. बॉट कसाही वेडावाकडा वागला तरी इथे कुणाला त्रास नाही. शेकडो लोक बसलेल्या चॅनलमध्ये टेस्टिंग करणं म्हणजे लोकांच्या घरात जाऊन भांडी वाजवणं आहे, ते करू नका.

३. कच्ची ओळ डोळ्यांनी बघा

ही पायरी वगळू नका. वीचॅटमध्ये सर्व्हर रॉ अशी आज्ञा आहे, हेक्सचॅटमध्ये विंडो मेनूत रॉ लॉग आहे, ते उघडा आणि दुसऱ्या निकने चॅनलमध्ये काहीतरी बोला. साधारण अशी ओळ दिसेल:

:गावकरी!~गाव@होस्ट प्रिव्हएमएसजी ##चाचणी :!वेळ लंडन

डावीकडून वाचा. पहिल्या कोलनपासून पहिल्या स्पेसपर्यंत कोण बोललं ते: निक, मग उद्गारचिन्ह, मग युजरनेम, मग ॲटचं चिन्ह आणि होस्ट. पुढचा शब्द म्हणजे आज्ञा. त्यापुढे कुणाला उद्देशून, इथे चॅनल. आणि मग स्पेस आणि कोलन एकत्र आले की त्यापुढे ओळ संपेपर्यंत सगळा एकच तुकडा, म्हणजे माणसाने टाइप केलेलं वाक्य, स्पेससकट. अख्खं आयआरसी जवळजवळ याच साच्यात बसतं. चॅनलमध्ये येणं म्हणजे जॉइन, चॅनल सोडणं पार्ट, नेटवर्कच सोडणं क्विट, नाव बदलणं निक, आणि सर्व्हरची उत्तरं तीन आकडी नंबरात. दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा, पुढचं सगळं सोपं जातं.

४. सर्व्हरला जोडणं

पोर्ट ६६९७ वापरा, तो टीएलएसवाला, म्हणजे एनक्रिप्टेड. जुने लेख वाचाल तर ६६६७ दिसेल, त्यावर पासवर्ड उघडा जातो. पायथनमध्ये सॉकेट मॉड्यूलने कनेक्शन करायचं आणि एसएसएल मॉड्यूलच्या डिफॉल्ट कॉन्टेक्स्टने ते गुंडाळायचं, गुंडाळताना सर्व्हरचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर सर्टिफिकेट तपासताच येणार नाही. सर्टिफिकेटचा एरर आला म्हणून तपासणीच बंद करा असा सल्ला इंटरनेटवर खूप ठिकाणी मिळेल, तो ऐकू नका.

जोडल्यावर दोन ओळी पाठवायच्या. एक निक आणि बॉटचं नाव. दुसरी यूजर, मग युजरनेम, मग शून्य, मग तारा, मग स्पेस-कोलन आणि खरं नाव. खऱ्या नावाच्या जागी बॉट कुणाचा आहे ते लिहा, म्हणजे कुणी हूइज केलं, म्हणजे त्या निकची माहिती मागितली, तर कुणाशी बोलायचं ते कळतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड ही दोन्ही अक्षरं, म्हणजे बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन. पाठवायला सेंड नाही, सेंडऑल वापरा, सेंड कधीकधी अर्धीच ओळ पाठवून मोकळं होतं.

आता थांबा. लगेच जॉइन पाठवायचं नाही. सर्व्हरकडून ००१ नंबरची ओळ आली की समजायचं आत घेतलं, मग जॉइन. आधी पाठवलं तर सर्व्हर म्हणतो तुमची अजून नोंदणी झालेली नाही, आणि बॉट कनेक्ट झालेला दिसतो पण चॅनलमध्ये येतच नाही, आणि माणूस तासभर शोधत बसतो. ००१ ऐवजी ४३३ आला तर ते निक आधीच कुणीतरी वापरतंय, शेवटी अंडरस्कोर लावून परत निक पाठवा.

घरच्या नेटवरून इतकं पुरतं, पण बॉट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलात तर लिबेरा काही पत्त्यांवरून सासलशिवाय आत घेत नाही. सासल म्हणजे आत यायच्या आधीच पासवर्ड दाखवणं. क्रम असा: सुरुवातीलाच कॅप रेक पाठवून सासल मागायचं, सर्व्हरचं कॅप ॲक आलं की ऑथेंटिकेट प्लेन, समोरून अधिकचं चिन्ह आलं की शून्य-बाइट, अकाउंट, शून्य-बाइट, पासवर्ड हे एकत्र करून बेस६४ मध्ये, ९०३ आला की कॅप एंड. कॅप एंड विसरलात तर ००१ कधीच येत नाही आणि थोड्या वेळाने सर्व्हर तोडून टाकतो.

पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या. कोड गिटवर टाकायचा मोह आज ना उद्या होणारच आहे, आणि एकदा गिटमध्ये गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या कमिटमध्ये राहतोच.

५. वाचत राहणं, आणि पिंगला पाँग

नवीन लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की एकदा वाचलं म्हणजे एक ओळ आली. तसं नसतं. टीसीपी हा नळातून येणाऱ्या पाण्यासारखा आहे, एका वाचनात अडीच ओळी येऊ शकतात, किंवा अर्धीच. त्यामुळे एक बफर ठेवा, आलेले बाइट त्यात जोडत जा, कॅरेज रिटर्न-लाइनफीडवर तोडा, शेवटचा अपुरा तुकडा बफरमध्येच राहू द्या. आणि हे सगळं बाइटवर करा, अक्षरांत बदलायच्या आधी. आपल्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं, कारण देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि वाचन बरोब्बर त्याच्या मध्ये तुटलं तर डिकोड करताना प्रोग्राम कोसळतो. पूर्ण ओळ हातात आली की मगच डिकोड, आणि त्यातही एरर्सच्या जागी रिप्लेस द्या, कारण जगात अजून जुन्या एनकोडिंगमध्ये टाइप करणारे क्लायंट आहेत आणि एका परक्या अक्षराने तुमचा बॉट मरायला नको.

वाचनातून रिकामं आलं, शून्य बाइट, तर त्याचा अर्थ समोरच्याने कनेक्शन बंद केलं. हे तपासलं नाही तर लूप वेगाने फिरत राहतो, लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो आणि चॅनलमध्ये बॉट नसतोच.

सर्व्हर अधूनमधून पिंग पाठवतो, त्याच्या पुढे जे काही असेल तेच घेऊन पाँग पाठवायचं. नाही पाठवलं तर काही मिनिटांत पिंग टाइमआउट म्हणून बाहेर. उलट बाजूही सांभाळा: वायफाय गेलं तर तुमच्या प्रोग्रामला ते कळतच नाही, तो शांतपणे वाट बघत बसतो, म्हणून सॉकेटला पाचेक मिनिटांचा टाइमआउट लावा, तेवढ्यात काहीच आलं नाही तर स्वतः पिंग पाठवा, तरी काही नाही तर तोडून परत जोडा. परत जोडताना दर वेळी जास्त थांबा, ५ सेकंद, १०, २०, असं. सेकंदाला एक अशी धडक मारत राहिलात तर नेटवर्क तुमचा पत्ताच बंद करेल.

६. ओळ तोडणं

क्रम महत्त्वाचा आहे. ओळ ॲटच्या चिन्हाने सुरू होत असेल तर पहिल्या स्पेसपर्यंत ते टॅग आहेत, म्हणजे सर्व्हरने जोडलेली जादा माहिती, ते बाजूला काढा; तुम्ही मागितल्याशिवाय ते येत नाहीत, पण आपण नवव्या पायरीत मागणार आहोत. मग उरलेली ओळ कोलनने सुरू होत असेल तर पहिल्या स्पेसपर्यंत कोण बोललं ते. मग उरलेल्यात स्पेस-कोलन शोधा आणि एकदाच तोडा. मग डावीकडचा भाग स्पेसवर तोडा.

नुसत्या कोलनवर तोडू नका. कुणी १०:३० लिहिलं, कुणी लिंक टाकली, कुणाचा होस्ट आयपीव्ही६ पत्ता असला की सगळं फिसकटतं, आणि गंमत अशी की साध्या टेस्टमध्ये ही चूक दिसतच नाही, कारण टेस्ट करताना आपण नुसतं हॅलो टाइप करतो.

७. पहिली कमांड: !वेळ

आता मजेचा भाग. कमांडसाठी एक डिक्शनरी करा: डावीकडे शब्द, उजवीकडे फंक्शन. इफ-एल्सची शिडी करू नका, पाच कमांड झाल्या की वाचवत नाही. आलेल्या वाक्याचा पहिला शब्द काढा, डिक्शनरीत शोधा, सापडला तर फंक्शनला बोलवा, नाही सापडला तर काहीच करू नका. अशी कमांड नाही असं सांगणारे बॉट मला अजिबात आवडत नाहीत, कारण त्याच चॅनलमध्ये दुसरा बॉटही असू शकतो आणि ती कमांड त्याची असू शकते.

शब्द तंतोतंत जुळला पाहिजे. वाक्य !वेळने सुरू होतं का असं स्टार्ट्सविथने तपासलंत तर कुणी !वेळापत्रक लिहिलं तरी बॉट घड्याळ दाखवेल.

उत्तर कुठे द्यायचं हेही ठरवा. ओळ चॅनलला उद्देशून असेल तर उत्तर चॅनलमध्ये. ओळ बॉटच्या निकला उद्देशून असेल, म्हणजे कुणी खासगीत बोललं, तर उत्तर त्या माणसाला. हे न तपासता जसंच्या तसं परत पाठवलं तर बॉट स्वतःलाच उत्तर देतो आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.

वेळेसाठी झोनइन्फो वापरा: आशिया/कोलकाता, युरोप/लंडन, अमेरिका/न्यू_यॉर्क, ऑस्ट्रेलिया/सिडनी. डावीकडे मराठी नावं ठेवा, पुणे, लंडन, न्यूजर्सी, सिडनी. हाताने तास मिळवू नका. भारताची यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, साडेपाच तासांची आघाडी वर्षभर तीच राहते पण लंडन मार्च आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळ हलवतं, न्यूयॉर्क मार्च आणि नोव्हेंबरमध्ये, आणि सिडनी तर या दोघांच्या उलट ऋतूत. बाहेरदेशी असलेल्या लोकांबरोबर मीटिंग ठरवताना याच कमांडचा खरा उपयोग होतो.

८. देवनागरी कमांडचे खास सापळे

कमांड देवनागरीत ठेवा असं मी आग्रहाने सांगेन, आयआरसी सर्व्हरला मजकूर कुठल्या लिपीत आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही, फक्त निक लिबेरावर इंग्रजी अक्षरांतच चालतं. पण काही गोष्टी आधीच माहीत हव्यात, इंग्रजी लेखांत त्या मिळणार नाहीत.

एकसारखं दिसणारं अक्षर आतून वेगळं असू शकतं. ॲ हे अक्षर काही कीबोर्ड एकच चिन्ह म्हणून पाठवतात, काही अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं. डोळ्याला फरक नाही, प्रोग्रामला ते वेगळे शब्द. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं, इथे कामी येत नाही, ते या दोन रूपांना एक मानत नाही, तेव्हा कमांडच्या शब्दात ॲ टाळा किंवा दोन्ही रूपं डिक्शनरीत ठेवा. ऱ चं मात्र एनएफसीने जमतं: एकसंध ऱ आणि र खाली नुक्ता ही दोन्ही रूपं एक होतात. म्हणून पहिला शब्द आधी नॉर्मलाइज करा, मगच शोधा. शिवाय काही फोनचे कीबोर्ड मध्येच झिरो-विड्थ जॉइनर किंवा नॉन-जॉइनर टाकतात, न दिसणारी चिन्हं, तीही कमांडच्या शब्दातून काढून टाका. फक्त कमांडच्या शब्दातून, बाकी मजकुरातून नको, तिथे त्यांना काम असतं.

आकड्यांची काळजी करू नका. कुणी १२ देवनागरीत लिहिलं तरी पायथनचं इंट ते नीट वाचतं.

लांबीचं मात्र बघा. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, शेवटची दोन अक्षरं धरून, आणि सर्व्हर ती पुढे पाठवताना सुरुवातीला तुमच्या बॉटचं निक, युजरनेम, होस्ट चिकटवतो, तेही याच ५१२ मध्ये. म्हणून उत्तराचा मजकूर ४०० बाइटच्या आत ठेवा. इंग्रजीत ते ४०० अक्षरं होतात, आपल्याकडे साधारण १३० चिन्हं, आणि काना-मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. महाराष्ट्र हा शब्द दिसायला छोटा, पण त्यात दहा चिन्हं आणि ३० बाइट. जास्त झालं तर सर्व्हर सरळ कापतो, कुठलीही सूचना न देता, आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. बाइट मोजून, स्पेसवर तोडून, दोन ओळींत पाठवा.

९. रांग: !, !रांग आणि !पुढचा

सेशन चालू आहे, शिकवणारा बोलतोय. कुणी नुसतं ! टाइप केलं की त्याचं निक यादीच्या शेवटी जोडायचं. शिकवणाऱ्याने !पुढचा म्हटलं की यादीतलं पहिलं नाव काढायचं आणि चॅनलमध्ये सांगायचं की आता तुम्ही विचारा. !रांग म्हटलं की किती जण थांबलेत ते सांगायचं. ऐकायला दहा ओळींचं काम, आणि तेवढंच आहेही, पण माणसं यंत्रासारखी वागत नाहीत म्हणून खालच्या गोष्टी बघाव्या लागतात.

एकाने दोनदा ! दाबलं तर दुसऱ्यांदा जोडू नका, पण त्याला चॅनलमध्ये रागावूही नका, गप्प बसा. रांगेतला माणूस पार्ट किंवा क्विट झाला तर त्याचं नाव काढा, नाहीतर शिकवणारा पुढचा म्हणतो आणि बॉट गेलेल्या माणसाचं नाव घेतो आणि सगळे वाट बघत बसतात. कुणाला किक केलं, म्हणजे ऑपरेटरने चॅनलबाहेर काढलं, तर तेच. नेट कच्चं असलेल्या गावांतून लोक येतात, त्यांचं कनेक्शन मध्येच तुटतं, अशा माणसाला रांगेच्या शेवटी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून क्विट झालेल्याचं नाव लगेच न पुसता दोन-तीन मिनिटं बाजूला ठेवा आणि त्या वेळात परत आला तर आपल्या जागेवर बसवा. थोडं जास्त काम आहे पण करा.

नाव बदललं तर निकची ओळ येते, जुनं नाव सुरुवातीला, कोण बोललं त्या भागात, आणि नवीन शेवटी, रांगेत ते बदला. निक जुळवताना लहान-मोठी अक्षरं सारखी धरायची, आणि इथे एक जुनी गंमत आहे: आरएफसी १४५९ प्रमाणे महिरपी कंस हे चौकोनी कंसाचं लहान रूप मानलं जातं, आणि उभी रेघ बॅकस्लॅशचं. फिनलंडच्या त्या काळच्या कीबोर्डवर त्या जागी त्यांची अक्षरं असायची, म्हणून. पायथनच्या लोअरनंतर ही तीन चिन्हं हाताने बदला. नेटवर्क कुठली पद्धत वापरतं ते ००५ नंबरच्या ओळीत केसमॅपिंग म्हणून सांगितलेलं असतं.

आता मोठा प्रश्न, !पुढचा कोण म्हणू शकतो? निकवर विश्वास ठेवू नका, निक कुणीही घेऊ शकतं. ऑपरेटर आहे का ते बघायचं तर लिबेरावर बरेच ऑपरेटर गरज नसताना ते चिन्ह लावतच नाहीत. नीट उपाय असा की कॅप रेकमध्ये सासलबरोबर अकाउंट-टॅगही मागा, मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं रजिस्टर केलेलं अकाउंट येतं, आणि ते सर्व्हर सांगतो, माणूस नाही. परवानगी असलेल्या अकाउंटची यादी करा आणि त्याच्याशी जुळवा. टॅग नसेल तर माणूस लॉगिन नाही, परवानगी नाही. सहाव्या पायरीत टॅग आधी बाजूला काढायला सांगितलं ते याचसाठी, टॅगनंतर लगेच स्पेस-कोलन येतो आणि क्रम चुकला तर अख्खी ओळ चुकीच्या जागी तुटते.

१०. बॉटने गप्प कधी बसायचं

कमांड लिहिणं सोपं, पण चॅनलमधून बॉट हाकलले जातात ते बहुतेक वेळा जास्त बोलल्यामुळे. म्हणून हे मनापासून वाचा.

नोटिसला कधीही उत्तर द्यायचं नाही. आयआरसीमध्ये मेसेज पाठवायचे दोन प्रकार, प्रिव्हएमएसजी आणि नोटिस, आणि नियम असा की नोटिसला आपोआप उत्तर जाता कामा नये. तुमच्या बॉटची उत्तरं नोटिसने पाठवलीत तर दुसरा शहाणा बॉट त्याला उत्तर देणार नाही, आणि दोन बॉट रात्रभर एकमेकांशी बोलत बसायचा प्रकार टळतो.

एका मागोमाग ओळी फेकू नका. पाठवायच्या ओळींची यादी ठेवा आणि दोन सेकंदांना एक सोडा. वेग वाढला की सर्व्हर एक्सेस फ्लड म्हणून बाहेर काढतो. हाच बॉट ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटच्या चॅटवर न्यायचा विचार असेल, तेही आयआरसीवरून जोडता येतं, तर तिथे साध्या अकाउंटला ३० सेकंदांत २० मेसेजची मर्यादा आहे.

!रांग म्हटल्यावर सगळ्यांची नावं छापू नका. प्रत्येकाच्या क्लायंटमध्ये स्वतःचं नाव आलं की घंटी वाजते. आकडा सांगा, नावं फक्त विचारणाऱ्याला खासगीत.

माणसाने टाइप केलेलं काहीही उत्तरात परत पाठवत असाल, किंवा वेबवरून आणलेला मजकूर पाठवत असाल, तर त्यातली कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड काढून टाका, पाठवणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे विसरायला जागा नाही. मजकुरात ओळ तुटली तर उरलेला भाग सर्व्हर आज्ञा म्हणून वाचतो आणि अनोळखी माणूस तुमच्या बॉटच्या तोंडून काहीही करवू शकतो. आणि !हिशोब सारखी कमांड लिहायची म्हणून पायथनचं इव्हॅल, म्हणजे मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन, वापरलंत तर तुम्ही स्वतःच्या कॉम्प्युटरची किल्ली चॅनलमध्ये ठेवलीत. बेरीज-वजाबाकी हवी असेल तर स्वतः आकडे आणि चिन्ह वेगळं करा.

चॅनलमधलं बोलणं फाइलमध्ये साठवणार असाल तर चॅनलच्या टॉपिकमध्ये तसं लिहा आणि लोकांना विचारा. रांगेच्या बॉटला लॉगची गरज नाही, तेव्हा साठवूच नका.

११. कायम चालू ठेवणं

पहिले काही दिवस आपल्याच लॅपटॉपवर, समोर बसून चालवा. मग जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पुरतो, इतका हलका प्रोग्राम आहे. टीमक्समध्ये चालवला तर टर्मिनल बंद केल्यावरही राहतो, पण लाइट गेली की गेला. सिस्टमडीची छोटी सर्व्हिस फाइल लिहिली तर मशीन सुरू झालं की बॉटही सुरू. त्यात रीस्टार्टच्या आधी थांबायचे सेकंद ३० तरी ठेवा. रांग फाइलमध्ये साठवायची गरज नाही, सेशन तासाभराचं असतं.

१२. तयार बॉटकडे कधी जायचं

कमांड वाढून दहा-बारा झाल्या, किंवा दोघा-तिघांना मिळून बॉट सांभाळायचाय, की मग तयार फ्रेमवर्क घ्या. पायथन येत असेल तर सोपेल: एक फाइल, एक फंक्शन, वर एक डेकोरेटर, झाली कमांड. त्यात कमांडच्या आधी उद्गारचिन्ह नाही तर टिंब असतं, ते कॉन्फिगमध्ये बदलता येतं. लिम्नोरिया हा जुन्या सुपीबॉटचा पुढचा अवतार, परवानग्यांची व्यवस्था त्यात आधीपासून आहे. एगड्रॉप १९९३ चा, टीसीएल भाषेत स्क्रिप्ट लिहाव्या लागतात, चॅनलची राखण हे त्याचं मूळ काम आणि त्यासाठी तो आजही चांगला. रांगेचं फंक्शन सर्व्हरच्या ओळींपासून वेगळं लिहिलं असेल, म्हणजे त्याला फक्त कोण बोललं आणि काय बोललं एवढंच कळत असेल, तर ते जवळजवळ तसंच उचलून सोपेलमध्ये टाकता येतं, म्हणून सुरुवातीपासूनच ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.